नवी चूल निवडताना

मातीची चूल फार वर्षे टिकत नाही. उष्णतेने तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती ओल धरते, जड भांडे ठेवता-उतरवताना कड ढासळते. मग घरातली बाई माती, शेण, भुसा कालवून नवी चूल घालते. बहुधा जुन्या चुलीच्याच मापाने.

परभणी जिल्ह्यातल्या गावांतून गॅसची शेगडी पोचली आहे. तरीही चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. त्यामुळे जुनी चूल मोडल्यावर नवी कोणती आणावी हा प्रश्न अजून शिळा झालेला नाही. पूर्वी त्याला एकच उत्तर होते. आता मातीची साधी चूल, धुराड्याची दोन भांड्यांची चूल, लोखंडी पत्र्याची उंच चूल आणि पंखा बसवलेली चूल असे पर्याय समोर येतात. विकणारा प्रत्येक जण आपली चूल ‘निर्धूर’ म्हणतो.

या लेखात एखाद्या चुलीची शिफारस करायची नाही. कोणतीही चूल आपल्याला पारखता यावी, म्हणून तिच्यात काय घडते ते समजून घेऊ या. शेवटी शाळेत करता येईल अशी एक परीक्षाही पाहू.

धूर म्हणजे काय?

वर्गात एक मेणबत्ती पेटवा. ज्योत स्थिर झाली की ती फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची एक रेघ वर जाताना दिसेल. लगेच पेटती काडी या धुराला लावा, वातीपासून बोटभर वर. ज्योत धुरातून खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! म्हणजे तो धूर जळण्याजोगा होता. ती मेणाची वाफ होती, थंड होऊन तिचे बारीक कण झाले होते.

लाकडाचेही तसेच आहे. लाकूड तापले की सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपासून त्यातील पदार्थांचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या पदार्थांच्या वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग असा वायुरूपाने निघून जातो. आपल्याला दिसणारा जाळ म्हणजे हे वायू जळत असतात. मागे उरतो तो कोळसा. तो निखाऱ्याच्या रूपाने सावकाश जळतो. शेतात हुरडा भाजताना आपण गोवऱ्यांचा धूर निघून जाऊ देतो आणि आगटीत निखारे राहिले की कणसे खुपसतो, ती ही दुसरी अवस्था. (निखाऱ्यांना धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.)

बाहेर पडलेले वायू पूर्ण जळायला तीन गोष्टी लागतात. सहा-सातशे अंश किंवा त्याहून अधिक तापमान, वायूंमध्ये नीट मिसळलेली पुरेशी हवा, आणि जळून संपायला पुरेसा वेळ. यांतील एकही कमी पडली की वायू अर्धवट जळतात आणि त्यांचा धूर होतो. धूर म्हणजे चुलीतून निसटलेले इंधन. डोळ्यांत पाणी आणणारा धूर आणि वाया जाणारे सरपण, यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे.

चुलीची दोन कामे

चुलीला दोन वेगळी कामे करावी लागतात. एक, इंधन पूर्ण जाळणे. दुसरे, निर्माण झालेली उष्णता भांड्याला देणे. साध्या चुलीत दुसरे काम फारच कमी होते. उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा भांड्यात जातो. उरलेली उष्णता चुलीच्या तोंडातून, भांड्याच्या कडेने आणि चुलीच्या भिंतींत जाते.

गंमत अशी की या दोन कामांचे एकमेकांशी पटत नाही. उष्णता जास्त मिळावी म्हणून भांडे जाळाच्या अगदी जवळ आणले तर काय होईल? भांड्यात पाणी आहे तोवर त्याचा तळ १०० अंशांच्या फार वर जात नाही. सहा-सातशे अंशांची ज्योत त्याला टेकली की थंड होते, ज्वलन अर्धवट राहते आणि तळाला काजळी धरते. म्हणजे सरपण वाचवणारी चूल धूर कमी करतेच असे नाही. हे दोन गुण वेगवेगळे तपासायला हवेत.

यावर एक तोडगा म्हणजे ज्वलनाला उंची देणे. अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ‘रॉकेट’ चुलीची तत्त्वे मांडली. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा मार्ग, आडव्या भागात फक्त काडीचे टोक, उभ्या भागात ज्योतीला जळून संपायला जागा, आणि भोवती उष्णता रोखणारे आवरण. पत्र्याच्या उंच चुली याच कल्पनेवर बेतलेल्या असतात. खरेदी करताना आत वाकून पाहावे. खाली हवा यायला जाळी आहे का? जाळी आणि भांडे यांत पुरेशी उंची आहे का? भिंत एकेरी पत्र्याची आहे की दुहेरी? एकेरी पत्रा हातही भाजतो आणि उष्णताही घालवतो.

मातीची जाड भिंत उष्णता ‘धरून ठेवते’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ती कोणाची उष्णता धरते, याचा हिशोब करू. चुलीतील २० किलो मातीचे तापमान सरासरी १०० अंशांनी वाढले असे धरा. मातीची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे ०.९ किलोज्यूल. २० × ०.९ × १०० = १८०० किलोज्यूल. हवेत वाळलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १६,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे शंभर ग्रॅमहून थोडे अधिक लाकूड केवळ चूल तापवण्यात गेले. लग्नकार्याच्या स्वयंपाकात हे जाणवणार नाही. दोन कप चहासाठी मात्र ही चूल महागात पडते.

धुराडे काय करते?

मगनवाडी (वर्धा) येथे १९४७च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल बनवली आणि १९५३मध्ये लाखो घरांची स्वयंपाकघरे धूरमुक्त करण्याविषयी इंग्रजीत पुस्तिका लिहिली. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यातच होती. म्हणजे निर्धूर चुलीचा विचार आपल्याला अगदी परका नाही.

धुराड्याचे तत्त्व सोपे आहे. गरम हवा हलकी असते. बाहेरच्या २७ अंशांच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१८ किलो, तर धुराड्यातील १५० अंशांच्या हवेची सुमारे ०.८३ किलो. धुराडे २ मीटर उंच असेल तर दाबातील फरक = (१.१८ – ०.८३) × ९.८ × २, म्हणजे जवळजवळ ७ पास्कल. पाण्याचा स्तंभ एक मिलिमीटरभरही चढवू न शकणारा हा दाब! पण सारा धूर बाहेर ओढण्याचे काम याच्यावर चालते. आत काजळी साचली, चिमणीने घरटे केले, वैलावरचे भांडे नीट बसले नाही, की एवढासा दाब पुरत नाही आणि धूर पुन्हा घरात येतो.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२मध्ये केंद्र सरकारने तो थांबवला. या काळात देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांतील अनेक पुढे मोडल्या किंवा वापरातून गेल्या. असे का होते, याचा चांगला अभ्यास ओडिशात झाला. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला (हा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला). पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे हा फायदा नाहीसा झाला, कारण चुलींची दुरुस्ती होत नव्हती आणि वापरही कमी होत गेला. प्रयोगशाळेत त्याच चुली चांगल्या ठरल्या होत्या.

तेव्हा धुराड्याची चूल घेताना विचारायचा प्रश्न हा: धुराडे दर पंधरवड्याला कोण साफ करणार आणि फुटले तर कोण बदलणार? याचे उत्तर घरात असेल तर धुराड्याचा उपयोग नक्की आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत ‘लक्ष्मी’ ही धुराड्याची आणि ‘भाग्यलक्ष्मी’ ही बिनधुराड्याची, अशा सुधारित चुली घरोघर बसवून मापे घेतली गेली (२००७). स्वयंपाकघरातील सूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण सुमारे चतुर्थांशाने, तर कार्बन मोनॉक्साइडचे त्याहून अधिक कमी झाले. फायदा झाला, पण हवा स्वच्छ म्हणावी इतकी झाली नाही.

जळण कोणते, ते आधी पाहा

आपल्या काळ्या जमिनीच्या भागात जंगल थोडे. त्यामुळे चुलीत जाते ती कापसाची पऱ्हाटी, तुराट्या, बाभळीच्या फांद्या आणि गोवऱ्या. प्रत्येकाची जळण्याची रीत वेगळी.

पऱ्हाट्या आणि तुराट्या बारीक असतात. वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्या झटकन पेटतात. एकदम मूठभर कोंबल्या तर वायू इतक्या वेगाने निघतात की हवा अपुरी पडते आणि काळा धूर होतो. दोन-तीन काड्या सतत सरकवत राहिले तर जाळ स्वच्छ राहतो. पण मग चुलीजवळून हलता येत नाही. गोवरीत राखच सुमारे पाचवा हिस्सा असते. ती मंद जळते, दूध तापत ठेवायला बरी. जाळीच्या चुलीत मात्र तिच्या राखेने जाळी बुजते.

ओल हा सर्वांत मोठा शत्रू. पूर्ण कोरड्या लाकडाची उष्णता किलोला १८,००० किलोज्यूल धरू. वाळलेल्या सरपणात १० टक्के पाणी असते, पावसाळ्यात ते ३० टक्क्यांवर जाऊ शकते. एक किलो ओल्या सरपणात लाकूड ७०० ग्रॅमच. त्याची उष्णता १२,६००. त्यातील ३०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यात सुमारे ८०० जातात, उरतात ११,८००. वाळलेल्या सरपणाचे याच रीतीने जवळपास १६,००० येतात. म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि जाळ थंड झाल्याने धूर वाढला तो वेगळाच. नव्या चुलीचे पैसे नसतील तर सरपणासाठी पत्र्याचा आडोसा करणे ही पहिली सुधारणा ठरावी.

पऱ्हाटीच्या बाबतीत एक अडचण आहे. तिच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. २०१७च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रात कापसाचे मोठे नुकसान केले. पऱ्हाट्यांच्या गंजी जूनपर्यंत राहिल्या तर पतंग बाहेर पडून नव्या पिकाकडे जातात. म्हणून शेतीशास्त्रज्ञ अशा गंजी ठेवू नका म्हणतात. चुलीचे वर्षभराचे जळण आणि पुढचे पीक यांचा असा संबंध आहे. पऱ्हाटी वापरायचीच असेल तर बोंडे झाडून नष्ट करावीत आणि पावसाळ्यापूर्वी तिचा साठा संपवावा.

जळणाचा विचार न करता चूल निवडली तर काय होते, याचे उदाहरण जवळचेच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने बी.पी. या कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल २००६च्या सुमारास बाजारात आणली. पुढे ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेली. तिच्यात आधी इंधनातून वायू काढून मग पंख्याच्या हवेने तो जाळला जाई, त्यामुळे धूर फारच कमी. महाराष्ट्र व दक्षिणेकडील राज्यांत अशा ४ लाखांहून अधिक चुली विकल्या गेल्या. पण तिला शेतातील टाकाऊ मालापासून दाबून केलेल्या कांड्याच लागत. कांड्यांची किंमत वाढली, पुरवठा अडखळला आणि बहुतेक घरांतल्या चुली बंद पडल्या. चूल उत्तम होती. तिचे जळण घरचे नव्हते. आजही पंख्याची चूल घेताना विचारावे: तिला पऱ्हाटीचे तुकडे चालतील का? ते बोट-दोन बोटे तोडत कोण बसणार? वीज गेली तर पंखा कशावर फिरेल?

भाकरीची कसोटी

चुलीवर काय शिजवायचे, हाही निवडीचाच भाग. ज्वारीच्या भाकरीला तव्याखाली पसरलेला जाळ लागतो आणि नंतर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर तिला उभे करून शेकावे लागते. अरुंद तोंडाच्या उंच चुलीत जाळ तव्याच्या मध्यावरच लागतो. भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. शिवाय निखारे बाहेर ओढायला जागा नसते. अशी चूल वरणाला चांगली असली तरी भाकरीसाठी जुनी चूल पुन्हा पेटते, आणि मग घरात दोन चुलींचा धूर होतो. चुलीची उंचीही पाहावी: बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला गुडघाभर उंच चुलीवरचा तवा पेलत नाही.

अंघोळीच्या पाण्यासाठी मात्र हे नियम लागू नाहीत. जुना तांब्याचा बंब पाहा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, नळीच धुराडे. उष्णता घ्यायला मोठा पृष्ठभाग आणि हवेला आपोआप ओढ! परसात पाणी तापवायला बंबाच्या धर्तीचे साधन साध्या चुलीपेक्षा सरस ठरते. एकाच चुलीने सगळी कामे करावीत हा आग्रह सोडला तर निवड सोपी होते.

शाळेत करण्याजोगी परीक्षा

दोन चुली, एकच भांडे, तराजू, तापमापक आणि घड्याळ एवढेच साहित्य. चूल मोकळ्या जागी, वाऱ्याला आडोसा करून मांडावी. जाळ मोठ्या माणसाने सांभाळावा आणि पाण्याची बादली जवळ असावी.

१) भांड्यात २ लिटर पाणी घ्या, तापमान नोंदवा. सरपण तोलून घ्या.
२) पाणी उकळेपर्यंत तापवा. लागलेला वेळ लिहा.
३) जाळ विझवून उरलेले सरपण, कोळसा आणि पाणी वेगवेगळे तोला.

समजा, २७ अंशांचे पाणी उकळले, १०० ग्रॅम पाण्याची वाफ झाली, ४०० ग्रॅम सरपण जळले आणि २० ग्रॅम कोळसा उरला. पाण्याने घेतलेली उष्णता: २ × ४.२ × ७३ = ६१३; वाफेसाठी ०.१ × २२६० = २२६; एकूण ८३९ किलोज्यूल. इंधनाची उष्णता: ०.४ × १६,००० = ६४००. उरलेल्या कोळशाची (किलोला सुमारे २९,०००) ५८० वजा केली की ५८२०. कार्यक्षमता = ८३९ ÷ ५८२०, म्हणजे १४ टक्क्यांहून थोडी अधिक. प्रत्येक चुलीवर निदान तीनदा करून सरासरी काढा.

नंतर दुसरी परीक्षा. रोज भाकरी करणाऱ्या एखाद्या आजीला किंवा आईला बोलवा आणि दोन्ही चुलींवर दहा-दहा भाकरी करायला सांगा. सरपण आणि वेळ मोजा. त्या बसतात तिथे, त्यांच्या तोंडाच्या उंचीवर, व्हॅसलीन लावलेला पांढरा कागद टांगा आणि दोन्ही कागदांचा काळेपणा ताडून पाहा. शेवटी त्यांनाच विचारा, यांतली कोणती घरी न्याल आणि का? हा प्रश्न विचारल्याशिवाय परीक्षा पुरी झाली असे समजू नये.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

लाकडी इंधनाच्या चुलीसाठी भारतीय मानक आहे (आयएस १३१५२, २०१३ची सुधारणा). साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे कणांचे उत्सर्जन पहिलीत ३५० आणि दुसरीत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. चूल विकत घेताना या मानकाचे चिन्ह जरूर पाहावे.

पण या आकड्याचा अर्थही समजून घेऊ. एका कुटुंबाला दिवसाला ६ मेगाज्यूल लागतात असे धरा. मानकात बसणारी साधी चूल २१०० मिलिग्रॅमपर्यंत कण सोडू शकते. ते ३ × ४ × २.५ मीटरच्या, म्हणजे ३० घनमीटरच्या खोलीत कोंडले तर घनमीटरला ७०,००० मायक्रोग्रॅम होतील. बाहेरच्या हवेसाठी आपले सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे मानक आहे ६० मायक्रोग्रॅम! खोलीची हवा खेळती असल्याने प्रत्यक्ष आकडा पुष्कळ खाली येतो, पण अंतर किती मोठे आहे ते कळते. म्हणून मानकाची चूलसुद्धा खिडकीशी, वरून धूर जायला वाट असलेल्या जागी, आणि शक्य तेव्हा परसात असावी. तान्हे मूल चुलीपाशी कडेवर घेऊन बसू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२०मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले; त्यांत २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले पाच वर्षांच्या आतली होती. धूर निम्मा केला तर रोगही निम्मे होतात का? ग्वाटेमालामध्ये धुराड्याच्या चुलींचा असाच प्रयोग झाला (२०११मध्ये प्रसिद्ध). बाळांच्या श्वासातला धूर निम्म्यावर आला. तीव्र न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने घटला, पण एकूण न्यूमोनियात खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. धूर अगदी कमी झाल्यावरच पुरा लाभ मिळतो, असे यातून दिसते.

या दृष्टीने गॅसची बरोबरी कोणतीही लाकडी चूल करीत नाही. उज्ज्वला योजना २०१६मध्ये सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. शेगडी घरात आली तरी टाकी पुन्हा भरणे परवडत नाही तिथे चूल चालूच राहते. तेव्हा घरचा पैसा मोजका असेल तर तो आधी टाकी भरण्याकडे जावा, बंद दाराआडचा स्वयंपाक गॅसवर व्हावा, आणि चुलीवर जी कामे उरतील त्यांच्यापुरती नवी चूल निवडावी, हा क्रम शहाणपणाचा वाटतो.

वर्गातील मुलांना एक तक्ता करून आणायला सांगा: घरात आठवडाभरात कोणकोणते पदार्थ कशावर शिजले, जळण कोणते होते, ते कोणी आणले आणि जाळापाशी कोण किती वेळ बसले. पंधरा-वीस घरांचे तक्ते फळ्यावर एकत्र मांडले की आपल्या गावाला कोणती चूल हवी, यावर दुकानदाराआधी मुलेच बोलू लागतील.